चिनी शिकायची, पण कोणाकडून?

ऑगस्ट २०२५ मधील एकाच आठवड्यात बेंगळूरुमध्ये दोन घटना घडल्या. वरवर पाहता त्यांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. ८ तारखेला कर्नाटक राज्य शिक्षण धोरण आयोगाने आपला अहवाल मुख्यमंत्र्यांना सादर केला. आयोगाचे अध्यक्ष होते विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी प्रमुख आणि महाराष्ट्राचे सुपुत्र सुखदेव थोरात. शाळांत त्रिभाषा सूत्राऐवजी दोनच भाषा असाव्यात, ही त्यातील सर्वाधिक चर्चिली गेलेली शिफारस. दोन दिवसांनी, १० तारखेला, आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र या मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. एकोणीस किलोमीटरांचा हा मार्ग इलेक्ट्रॉनिक सिटीला शहराशी जोडतो. मार्ग उभा होता, पण त्यावर धावायला गाड्या नव्हत्या. २१६ डब्यांचे कंत्राट २०१९ मध्ये सीआरआरसी या चिनी सरकारी कंपनीला मिळाले होते. पुढे गलवान घडले, महासाथ आली, चिनी अभियंत्यांचे व्हिसा रखडले. चीनमध्ये बांधलेली पहिली गाडी बेंगळूरुत पोहोचायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. उरलेल्या गाड्यांपैकी बहुतेक बंगालमधील तितागढ कंपनीच्या कारखान्यात तयार व्हायच्या होत्या.

मी निवृत्तीनंतर याच शहराच्या दक्षिण भागात राहतो आणि त्या गाडीतून अधूनमधून प्रवास करतो. डब्यातील घोषणा कन्नड आणि इंग्रजीत ऐकताना मला थोरात आयोगाची शिफारस आठवते, आणि तिच्या जोडीला असा प्रश्नही पडतो की ज्या देशाशी आपली सीमा साडेतीन हजार किलोमीटरांची आहे आणि ज्याच्याकडून आपण २०२४-२५ या वर्षात ११३ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल घेतला, त्या देशाची भाषा आपल्या किती शाळांत शिकवली जाते? आपली निर्यात त्याच वर्षी १४ अब्जांच्या आसपास होती. घेणारा आणि देणारा यांच्यातले अंतर इतके असेल, तर देणाऱ्याची भाषा कोणी शिकायची हे उघड आहे. बाजारात गिऱ्हाईक वाण्याची भाषा शिकत नाही हे खरे; पण गिऱ्हाइकाला दुसरे दुकान उघडायचे असेल, तर त्याला वाण्याची वही वाचता आली पाहिजे.

थोडे विषयांतर करून या भाषेच्या नावाविषयी सांगतो, कारण त्यात माझ्या पेशाचा संबंध आहे. 'मँडरिन' हा शब्द चिनी नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो मलाय भाषेतील 'मेंतरी' या शब्दावरून घेतला, आणि 'मेंतरी' आला संस्कृत 'मंत्रिन्'वरून. म्हणजे चिनी दरबारातील अधिकाऱ्यांना आपल्याकडचेच नाव मिळाले आणि त्यांच्या बोलीला अधिकाऱ्यांवरून. खुद्द चिनी लोक तिला 'पुतोंगह्वा', सामान्य बोली, म्हणतात आणि तैवानमध्ये तिला 'गुओयू', राष्ट्रभाषा, म्हणतात. एकाच भाषेची ही दोन नावे पुढच्या युक्तिवादात उपयोगी पडणार आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे. चिनी भाषा आपल्या शाळांत आणण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. २०१० मध्ये तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिबल यांनी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांत ती सुरू करण्याचे जाहीर केले. २०१२ मध्ये मंडळाने 'हानबान' या चीन सरकारच्या भाषाप्रसार संस्थेशी सामंजस्य करार केला. शिक्षक तेथून यावेत, प्रशिक्षण तेथून मिळावे, पुस्तके तेथून यावीत, असा सारा मामला होता. कस्तुरीरंगन समितीने २०१९ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा जो मसुदा दिला, त्यात माध्यमिक स्तरावर ऐच्छिक म्हणून द्यावयाच्या परकीय भाषांच्या उदाहरणांत फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानीबरोबर चिनीचेही नाव होते. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले वीस जवान धारातीर्थी पडले. २९ जुलैला मंत्रिमंडळाने धोरण मंजूर केले. त्यात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन अशी आठ नावे आली. चिनी गेली. त्याच सुमारास शिक्षण मंत्रालयाने मुंबई विद्यापीठासह सात ठिकाणच्या कन्फ्यूशियस संस्थांचे आणि चिनी संस्थांशी झालेल्या ५४ करारांचे पुनरावलोकन हाती घेतले.

धोरणाच्या मजकुरात या आठ नावांआधी 'जसे की' अशा अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे यादी उदाहरणादाखल आहे, बंदिस्त नाही. चिनी शिकवू नका, असे धोरणात कोठेही लिहिलेले नाही. परंतु ज्याने आयुष्य फायलींत घालवले आहे त्याला ठाऊक असते, की मसुद्यात असलेले नाव अंतिम मजकुरातून वगळले गेले, की खालच्या स्तरावर त्याचा अर्थ एकच लावला जातो. मुख्याध्यापक वरच्या कार्यालयाला विचारत नाही, कारण विचारले तर उत्तर लेखी द्यावे लागेल या भीतीने वरचे कार्यालय गप्प बसेल, हे त्याला माहीत असते. बंदीपेक्षा असे मौन अधिक टिकाऊ ठरते. बंदी निदान न्यायालयात आव्हानित करता येते.

कन्फ्यूशियस संस्थांविषयीचा सरकारचा संशय अनाठायी होता, असे मी म्हणणार नाही. एखाद्या परकीय राज्यसंस्थेने आपल्या विद्यापीठाच्या आवारात बसून शिक्षक नेमावेत, पुस्तके पुरवावीत आणि तिबेट, तैवान किंवा तियानआनमेन या विषयांवर काय बोलायचे नाही हेही तिनेच ठरवावे, हे कोणत्याही स्वाभिमानी शिक्षणव्यवस्थेला रुचणारे नाही. स्वीडनने आपल्या देशातील या संस्था एकेक करून बंद केल्या. अमेरिकेतील शंभरांहून अधिक विद्यापीठांनी त्यांच्याशी असलेले संबंध तोडले. परंतु त्यानंतर अमेरिकेने काय केले, तेही पाहावे. डिसेंबर २०२० मध्ये तिने तैवानशी शिक्षणविषयक सहकार्याचा उपक्रम सुरू केला आणि चिनी भाषेचे शिक्षक तैवानमधून आणण्याची सोय केली. शिक्षक बदलला, विषय राहिला. आपण शिक्षकाबरोबर विषयही बाहेर काढला.

खरे तर चूक २०२० च्या आधी, २०१२ मध्येच झाली होती. कोणतीही भाषा आपल्या शाळेत एखाद्या कराराच्या बळावर उभी केली, की ती त्या कराराच्या आयुष्याइतकीच जगते. केंद्रीय विद्यालयांत जर्मन भाषेचे असेच झाले. २०११ मध्ये जर्मनीच्या ग्योटे संस्थेशी करार झाला, सुमारे पाचशे विद्यालयांत जर्मन तिसरी भाषा झाली, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या ऐन मध्यावर, तिच्या जागी संस्कृत आणण्याचा निर्णय झाला. जर्मनीशी आपले कोणतेही युद्ध नव्हते. तरीही विद्यार्थ्यांना वर्षाच्या मध्यावर पुस्तके बदलावी लागली.

याच्या उलट उदाहरण शोधायला पुण्यापलीकडे जाण्याची गरज नाही. पुण्यात जपानी भाषा कोणत्याही धोरणाने आलेली नाही. रानडे इन्स्टिट्यूटमधील वर्ग, तेथे शिकून स्वतः शिक्षक झालेल्या विद्यार्थ्यांनी, त्यांत विशेषतः स्त्रियांनी, घरच्या दिवाणखान्यात सुरू केलेल्या शिकवण्या, मग चाकण-पिंपरीचे कारखाने आणि माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या, अशी ती चार-पाच दशके हळूहळू रुजत गेली. शिक्षक आपले, विद्यार्थी आपले, परीक्षा तेवढी जपानची. त्यामुळे तिला कोणी एका आदेशाने बंद करू शकत नाही. चिनी भाषेला असे आपले शिक्षक कधी मिळालेच नाहीत.

'कधीच' म्हणताना मात्र इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझी लेखणी अडखळते. पुण्यानेच एके काळी चिनीचे उत्तम अभ्यासक दिले. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पु. वि. बापट यांनी 'विमुत्तिमग्ग' या ग्रंथाचा तौलनिक अभ्यास १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाचे मूळ पाली रूप हरवलेले आहे आणि संपूर्ण ग्रंथ चिनी अनुवादातच शिल्लक आहे. त्याच महाविद्यालयाचे वा. वि. गोखले यांनी तिबेटी आणि चिनी साधनांवर काम केले. त्याच वर्षी, १९३७ मध्ये, शांतिनिकेतनात तान युन-शान यांच्या पुढाकाराने 'चीना भवन' उघडले. या मंडळींना चिनी भाषेचे महत्त्व व्यापारासाठी वाटत नव्हते, सीमेसाठीही नव्हते. आपलेच हरवलेले ग्रंथ आपल्याला वाचता यावेत, एवढीच त्यांची निकड होती.

ही निकड अजूनही संपलेली नाही. बदामीचा दुसरा पुलकेशी हा कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोघांचाही अभिमानाचा विषय. त्याच्या राज्यातील लोकांचे जिवंत वर्णन आपल्याला मिळते ते इ. स. ६४१च्या सुमारास येथे आलेल्या एका चिनी भिक्षूकडून. उपकाराची जाण ठेवणारे, अपमानाचा सूड घेणारे, पण सूड घेण्यापूर्वी शत्रूला सावध करणारे लोक, असे त्याने या मुलखातील माणसांचे चित्र काढले आहे. मद्य पाजून झुंजीला उतरवलेल्या हत्तींचे आणि डोंगरकड्यात खोदलेल्या विहाराचेही वर्णन त्याने केले आहे. हा विहार म्हणजे अजिंठा, असे बहुतेक विद्वान मानतात. शाळेत आपण त्याचे नाव 'ह्युएन त्संग' असे शिकलो. चिनी उच्चाराच्या जवळ जायचे तर ते 'श्वानझांग' असे लिहावे लागेल. आपला उच्चार इंग्रजांनी केलेल्या रोमन लिप्यंतरावरून आला. त्याचा प्रवासवृत्तांत स्तानिस्लास ज्युलियाँने १८५७-५८ मध्ये फ्रेंचमध्ये आणला, सॅम्युअल बीलने १८८४ मध्ये इंग्रजीत आणला, आणि त्या इंग्रजीवरून आपण आपल्याच पूर्वजांविषयी वाचतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमात मीही बीलच वाचला. बीलच्या अनुवादातील चुका वॉटर्सने दाखवल्या होत्या, आणि वॉटर्स बरोबर की बील, हे ठरवण्याचे कोणतेही साधन माझ्याकडे नव्हते. माझ्या प्राध्यापकांकडेही नव्हते.

हा झाला सातव्या शतकाचा हिशेब. विसाव्याचा त्याहून महागात पडला. सप्टेंबर १९५७ मध्ये शिनजियांग ते तिबेट हा रस्ता पूर्ण झाल्याचे चीनने जाहीर केले आणि तेथील वृत्तपत्रांनी ती बातमी अभिमानाने छापली. तो रस्ता अक्साई चीनमधून जात होता. पेकिंगमधील आपल्या दूतावासाने त्याची दखल घेतली, तरी रस्ता आपल्या भूमीतून जातो याची खातरजमा करण्यासाठी गस्ती पथके पाठवण्यात पुढचा उन्हाळा गेला आणि भारताचा औपचारिक निषेध ऑक्टोबर १९५८ मध्ये नोंदवला गेला. त्या विलंबाला केवळ भाषा कारणीभूत होती, असे म्हणणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे होईल. राजकीय इच्छाशक्तीचा प्रश्न त्याहून मोठा होता. परंतु ज्या राष्ट्रात शेजाऱ्याची वर्तमानपत्रे वाचू शकणारी माणसे बोटांवर मोजता येतील इतकीच असतात, तेथे अशी बातमी दूतावासाच्या एखाद्या खोलीतच राहते. ती संपादकापर्यंत, खासदारापर्यंत, प्राध्यापकापर्यंत पोहोचत नाही, आणि तिच्यावर लोकमताचा रेटा तयार होत नाही. त्या काळी आपल्या बाजूने चिनी जाणणारे जे मोजके लोक होते, त्यांत वसंत परांजपे हे मराठी अधिकारी होते. पेकिंग विद्यापीठात शिकलेले परांजपे १९५४ मध्ये नेहरू-माओ भेटीत दुभाषे होते. एका दुभाष्यावर किती भार टाकायचा?

१९६२ नंतर दोन्ही बाजूंनी काय केले, याची तुलना उद्बोधक आहे. चीनच्या आंतरराष्ट्रीय आकाशवाणीने १९६३ मध्ये, युद्धानंतर वर्षभराच्या आत, तमिळ प्रसारण सुरू केले. पेकिंग विद्यापीठातील जी शियान्लिन यांनी सांस्कृतिक क्रांतीच्या धुमश्चक्रीत, अपमान सोसत, वाल्मीकिरामायणाचा चिनी पद्यानुवाद केला. भारताने त्यांना २००८ मध्ये पद्मभूषण दिले. आपण दिल्ली विद्यापीठात १९६४ मध्ये चिनी अभ्यासाचे केंद्र उघडले, हे श्रेय द्यायलाच हवे. त्याच वेळी आपल्याच देशातील चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार नागरिकांना आणि रहिवाशांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले. त्यांतील कित्येकांच्या घरी ही भाषा बोलली जात होती. पुढे पुष्कळांनी देश सोडला.

आज बेंगळूरुत हा विषय निव्वळ परराष्ट्रनीतीचा राहिलेला नाही. ह्वावे या कंपनीचे संशोधन केंद्र येथे १९९९ पासून आहे. देवनहळ्ळीजवळ तैवानच्या फॉक्सकॉनने तीनशे एकरांच्या आसपास जमिनीवर आयफोनचा कारखाना उभारला आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात या कंपनीने भारतातील आपल्या कारखान्यांतून शेकडो चिनी अभियंत्यांना परत बोलावल्याचे वृत्त आले, तेव्हा त्यांच्या जागी कोण, असा प्रश्न उद्योगजगतात विचारला गेला. यंत्रांच्या पुस्तिका चिनीत, यंत्र बसवणारा चिनी बोलणारा, आणि यंत्र चालवणारी कोलार किंवा चिक्कबळ्ळापूरकडून आलेली वीस वर्षांची मुलगी कन्नड बोलणारी, असे या धंद्याचे स्वरूप आहे. मध्ये उभा राहणारा दुभाषी मिळणे कठीण, आणि मिळाला तर त्याचे मोल मोठे. याच शहरात तक्षशिला इन्स्टिट्यूशनमध्ये मनोज केवलरामानी चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या 'पीपल्स डेली'चा दैनंदिन आढावा इंग्रजीत देतात. १९५७ मध्ये असे कोणी असते तर, असे मनात येऊन जाते.

चिनी भाषा अवघड आहे, मुलांना झेपणार नाही, असा आक्षेप नेहमी येतो. ती अवघड आहेच. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा हिशेब आहे की तिच्यासाठी वर्गातले सुमारे २,२०० तास लागतात. स्पॅनिशला याच्या एक तृतीयांशही लागत नाहीत. पण तो हिशेब इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांचा. 'चमचा'तला आणि 'चहा'तला 'च' वेगळा, हे मराठी मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. चिनीत हाच भेद पदोपदी येतो. 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ', 'क' आणि 'ख' यांतील महाप्राणाचा फरक युरोपीय विद्यार्थ्याला महिनोन्महिने घोकावा लागतो, आपल्याला तो जन्मतः येतो. ('चहा' हा शब्दही चिनीच.) स्वरांचे चार आरोह-अवरोह मात्र सर्वांनाच छळतात. 'मा' या एका अक्षराचा अर्थ आवाजाच्या चढउतारानुसार आई, ताग, घोडा किंवा रागावणे असा होतो. वर्तमानपत्र वाचायला दोन-तीन हजार चिन्हे लागतात. आठवड्याला पाच तासिका धरल्या तर शाळेत पाच वर्षांत साधारण सहाशे तास हाती येतात. तेवढ्यात कोणी दुभाषी होणार नाही; कान आणि हात मात्र वळतील, आणि ते विशीनंतर वळत नाहीत.

तेव्हा ही भाषा सर्वांवर लादावी, असे माझे म्हणणे मुळीच नाही. महाराष्ट्रात एप्रिल ते जून २०२५ या तीन महिन्यांत पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून काय रण माजले आणि शासनाला निर्णय कसा मागे घ्यावा लागला, हे वाचकांसमोर आहे. थोरात आयोगाच्या दोन भाषांच्या भूमिकेतही तथ्य आहे. मातृभाषा कच्ची ठेवून चौथी भाषा शिकवण्यात काही शहाणपण नाही. परंतु सहावीनंतर, ऐच्छिक विषय म्हणून, प्रत्येक मोठ्या शहरातील दहा-वीस सरकारी आणि अनुदानित शाळांत ती देता येईल. सरकारी यासाठी म्हणतो, की महागड्या आंतरराष्ट्रीय शाळांतील मुलांसाठी तिची सोय आजही होते. कोलारच्या मुलीची होत नाही.

त्यासाठी शिक्षक आपले हवेत. शांतिनिकेतन, दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ येथून दरवर्षी चिनीचे पदवीधर बाहेर पडतात. शाळेत त्यांना कायम पद मिळाले तर ते येतील, तासिका तत्त्वावर येणार नाहीत. सुरुवातीला तैवानमधून शिक्षक आणता येतील, पण त्यांची लिपी जुनी, जटिल चिन्हांची आहे आणि मुख्य भूमीची सुलभ केलेली. मुलांना कोणती शिकवायची, हे आधी ठरवावे लागेल. माझ्या मते सुलभ, कारण सीमेपलीकडचे आणि यंत्रावरचे लेखन तिच्यात असते. पुस्तके राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने लिहावीत. त्यांत चांद्र नववर्ष आणि ड्रॅगन यांच्याबरोबर १९६२ असावे, तिबेट असावे, १९८९ असावे. आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही असावेत. १९३८ च्या वैद्यकीय पथकातून गेलेले कोटणीस (त्यांच्यासोबत नागपूरचे डॉ. चोळकरही होते) चिनी शिकले, चिनीत वैद्यक शिकवू लागले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. त्यांचे चिनी नाव 'के दिह्वा'. मुलाचे नाव 'यिनह्वा' ठेवले गेले. 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. चीनच्या पाठ्यपुस्तकांनी कोटणीसांना आपल्या पद्धतीने वापरले आहे. आपल्या पाठ्यपुस्तकाने त्यांना आपल्या पद्धतीने सांगण्यात कमीपणा कसला?

आमच्या इमारतीत नववीतील एक मुलगी आहे. तिच्या शाळेत सहावीपासून चिनी होती. दोन वर्षांनी ती बंद झाली. 'सध्याची परिस्थिती लक्षात घेता' एवढेच पालकांना आलेल्या पत्रात होते. मुलगी आता रविवारी सकाळी भ्रमणध्वनीवर शिकवणी घेते आणि वहीच्या चौकटींत चिन्हे गिरवते. गेल्या महिन्यात तिचे वडील माझ्याकडे आले. पुढे मुलीला पारपत्राच्या वेळी किंवा सरकारी नोकरीच्या चारित्र्यपडताळणीत या भाषेमुळे काही अडचण येईल का, असे त्यांना विचारायचे होते. मी चौतीस वर्षे शासनात काढली. अशी अडचण येईल असा नियम मला कोठे आढळला नाही, आणि येणार नाही असे सांगणारा कागदही मी त्यांना दाखवू शकलो नाही. त्यांनी चहा संपवला आणि शिकवणी चालू ठेवायची की नाही, हे मुलीलाच विचारतो, असे म्हणून ते उठले.